नेटवर्क ड्रायव्हरचा कोड वाचता येईल असा करताना: काय हलवायचं आणि कशाला हात लावायचा नाही

वारजे_नाका

मंडळी, धागा जरा लांब होणार आहे, पण विषय तसाच आहे.

आमच्या टीमकडे सध्या एका नेटवर्क कार्डाचा लिनक्स ड्रायव्हर आहे. कार्ड एफपीजीएवर, म्हणजे आतली जोडणी नंतरही बदलता येते अशा चिपवर, बांधलेलं. ड्रायव्हर कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) मुख्य कोडझाडाबाहेरचा, आणि बऱ्याच वर्षांत बऱ्याच हातांखालून गेलेला. चालतो उत्तम, वाचायला मात्र फार अवघड. टीममध्ये नवं कुणी आलं की पॅकेट कुठून येतं आणि कुठे जातं एवढं कळायलाच आठवडे जातात. शिवाय त्यात बदल करायला सगळेच घाबरतात, आणि ही भीतीच मला सर्वांत महाग वाटते. म्हणून रिफॅक्टरिंगसाठी, म्हणजे वागणूक तीच ठेवून कोडची मांडणी सुधारण्यासाठी, वेळ मागून घेतला आहे.

माझं म्हणणं आधी मांडतो. फंक्शनं छोटी केली, नावं सुटसुटीत केली, एवढ्यावर ड्रायव्हर वाचनीय होत नाही. कोडच्या पलीकडे एक यंत्र आहे, त्याच्याशी आपला करार आहे, आणि त्या कराराची कलमं कोडभर विखुरलेली असतात. वाचणाऱ्याला हवं असतं ते हे: हा बफर (पॅकेट ठेवायची मेमरीतली जागा) आत्ता कुणाच्या ताब्यात, माझ्या की कार्डाच्या? ही ओळ त्या ओळीच्या आधीच का? मध्येच काही फसलं तर कुणी काय काय परत करायचं? ज्या बदलामुळे याची उत्तरं पानावर दिसू लागतात तो बदल करावा. बाकीचे नाही केले तरी चालतील.

आमचं पोल फंक्शन बघा, म्हणजे कार्डाकडे पॅकेटं आली आहेत का ते बघून उचलणारं. साडेतीनशे ओळी. नॅपीचा, म्हणजे कर्नलच्या पॅकेटं उचलण्याच्या यंत्रणेचा, करार तुम्हाला माहीत आहेच, तरी नव्या वाचकांसाठी सांगतो. कार्डाने इंटरप्ट (प्रोसेसरला हाक) दिला की ड्रायव्हर पुढचे इंटरप्ट बंद करतो आणि कर्नलला पोल करायला सांगतो. कर्नल पोल फंक्शनला बजेट, म्हणजे एका फेरीत किती पॅकेटं घ्यायची ती मर्यादा, देऊन बोलावतं, साधारणपणे ६४. बजेट पुरतं वापरलं गेलं आणि पॅकेटं उरली, तर बजेटएवढाच आकडा परत द्यायचा आणि इंटरप्ट बंदच ठेवायचे. काम बजेटपेक्षा कमी निघालं, तर नॅपी_कम्प्लीट_डन बोलवायचं, इंटरप्ट चालू करायचे आणि केलेल्या कामाचा आकडा द्यायचा. आणखी एक कलम बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. बजेट शून्यही येऊ शकतं. नेटकन्सोलसारखं (कर्नलचे संदेश नेटवर्कवरून पाठवणारं) काही नेटपोलच्या, म्हणजे इंटरप्टविना कार्ड वापरण्याच्या, वाटेने आलं की असं होतं. तेव्हा पाठवून झालेल्या पॅकेटांची सफाई तेवढी करायची, आलेल्या पॅकेटांना हात लावायचा नाही.

हे सगळं आमच्या कोडमध्ये आहे, आणि बरोबर आहे. पण शून्य बजेटची सोय एका व्हाइल लूपच्या अटीत गुंडाळली आहे, आणि इंटरप्ट चालू करण्याचा निर्णय आकडेवारी मोजणाऱ्या ओळींच्या मधोमध घेतला आहे. ओळीने सगळं फंक्शन वाचल्याशिवाय करार पाळला जातोय की नाही हे सांगताच येत नाही.

माझ्या मनातला आराखडा असा: वरचं पोल फंक्शन वीसेक ओळींचं. पहिल्यांदा पाठवलेल्यांची सफाई. मग बजेट शून्य असेल तर तिथूनच परत. मग आलेली पॅकेटं वाचणारं फंक्शन, त्यानंतर रिंग (कार्डाला द्यायच्या बफरांच्या नोंदींची गोल रांग) भरणारं, आणि शेवटी इंटरप्ट चालू करायचे की नाही हा निर्णय, तो मात्र उघड्यावर, पोलमध्येच. तो निर्णय मदतनीस फंक्शनात लपवायचा नाही असं माझं ठाम मत आहे.

जाणत्यांकडून दोन गोष्टी हव्या आहेत. हे करताना वागणूक बदलली नाही याची खात्री कशी करता? आणि रजिस्टरांना, म्हणजे कार्ड चालवण्यासाठी त्यात लिहायच्या-वाचायच्या खणांना, नावं देताना काय धोरण ठेवता?

टॅब_आठ

चांगला विषय. आराखड्याशी सहमत.

खात्रीबद्दल सांगतो. आमच्याकडे एकच नियम कडक पाळतो: एका पॅचमध्ये (कोडबदलाच्या एका गठ्ठ्यात) एकाच जातीचा बदल. नावं बदलायची तर फक्त नावं. कोड एका फंक्शनातून दुसऱ्यात न्यायचा तर फक्त न्यायचा, जाता जाता एक अटही सरळ करायची नाही. आणि वागणूक बदलायची असेल तर तो पॅच वेगळा, कारणासकट.

याचा फायदा असा की प्रत्येक जातीला तिची तपासणी लावता येते. नावं बदलणाऱ्या किंवा ०x८०० च्या जागी नाव घालणाऱ्या पॅचनंतर कंपायलरने काढलेला मशीन कोड आधीसारखाच यायला हवा. आधीची आणि नंतरची ऑब्जेक्ट फाइल ऑब्जडम्प या साधनाने उलगडा आणि फरक बघा. कर्नलच्या स्क्रिप्ट्स फोल्डरमध्ये ऑब्जडिफ नावाची स्क्रिप्ट नेमकी यासाठी आहे. ओळी वरखाली झाल्या असतील तर वॉर्न_ऑनसारख्या मॅक्रोंमधले ओळ क्रमांक तेवढे बदललेले दिसतील, बाकी काही नाही. काही दिसलंच तर रिव्ह्यू तिथेच थांबवायचा.

कोड हलवणाऱ्या पॅचसाठी गिट डिफला कलर-मूव्हड पर्याय द्या. जसाच्या तसा हललेला भाग वेगळ्या रंगात येतो आणि खरोखर बदललेली ओळ लगेच डोळ्यात भरते. कोड फंक्शनात गेल्यावर इंडेंट कमी होतं. फक्त त्यातला फरक दुर्लक्षित करण्याचीही सोय त्यात आहे.

पोल तोडल्याने वेग जाईल ही शंका तुमच्याकडे कुणीतरी काढणारच. एकदाच बोलावलं जाणारं स्टॅटिक फंक्शन जीसीसी कंपायलर ऑप्टिमायझेशन चालू असताना साधारणपणे आतच विरघळवतं. वाद घालत बसू नका, ऑब्जडम्प दाखवा.

भोसरी_बोर्ड

मी एआरएम बोर्डांवर काम करते, त्यामुळे माझा अनुभव थोडा वेगळ्या बाजूचा.

वारजे_नाका, बफर कुणाच्या ताब्यात हा मुद्दा तुम्ही काढलात ते फार बरं झालं. डिस्क्रिप्टर (रिंगमधली एका बफरची नोंद) भरण्याचा कोड रिफॅक्टर करताना सर्वांत जास्त काळजी तिथेच घ्यायला हवी. डिस्क्रिप्टरमध्ये बफरचा पत्ता, लांबी आणि झेंडे असतात, आणि एक ओन बिट. तो बिट लावला की डिस्क्रिप्टर कार्डाचा. भाडेकरूला किल्ली दिल्यावर मालकाने घरातलं फर्निचर हलवू नये तसं ते आहे. म्हणून क्रम असा: आधी पत्ता, लांबी, झेंडे, मग डीएमए_डब्ल्यूएमबी हा बॅरियर, म्हणजे आधीचं लिखाण पुढच्याच्या आधीच दिसेल अशी सक्ती, आणि त्यानंतरच ओन बिट.

आमच्याकडे रिव्ह्यूला आलेल्या एका पॅचमध्ये डिस्क्रिप्टरचे सगळे शब्द भरणारं एक सुबक फंक्शन केलं होतं. दिसायला छान. त्यात झेंडे आणि ओन बिट एकाच शब्दात असल्याने दोन्ही एकदम लिहिले जात होते, पत्ता त्याच्या खालच्या ओळीत, आणि बॅरियर जुन्या जागी, म्हणजे फंक्शन संपल्यावर. इंटेलच्या डेस्कटॉपवर तासन् तास आयपर्फ (नेटवर्कवर भार टाकणारं साधन) चालवला तरी काही बिघडलं नसतं असं नाही, पण बिघडण्याची खिडकी इतकी अरुंद की दिसणं कठीण. आता पुढचं बघा. समजा पत्ता आधी लिहिला आणि फक्त बॅरियर राहून गेला. एक्स८६ वर हा बॅरियर म्हणजे कंपायलरला दिलेली सूचना एवढंच, कारण प्रोसेसर स्वतःच लिहिण्याचा क्रम पाळतो. एआरएम६४ वर मात्र ती खरीखुरी डीएमबी सूचना आहे. ती नसेल तर कार्डाला ओन बिट आधी आणि पत्ता नंतर दिसू शकतो, आणि कार्ड जुन्या पत्त्यावर पॅकेट ओततं. टेबलावरच्या मशीनवर सगळं हिरवं, आणि ग्राहकाच्या बोर्डावर मेमरी खराब.

म्हणून आम्ही दोन फंक्शनं ठेवली. एक डिस्क्रिप्टर भरणारं, ते ओन बिटाला शिवतसुद्धा नाही. दुसरं कार्डाच्या स्वाधीन करणारं, त्यात तीनच गोष्टी: टिप्पणी, बॅरियर, ओन बिट. वाचणाऱ्याला ताबा कुठे बदलतो ते नावातच दिसतं. टिप्पणी तशीही लागतेच. बॅरियरशेजारी टिप्पणी नसेल तर चेकपॅच, म्हणजे पॅचची शैली तपासणारी कर्नलची स्क्रिप्ट, तक्रार करतं, आणि ती तक्रार मला अगदी रास्त वाटते.

वारजे_नाका

भोसरी_बोर्ड, मनापासून आभार. आमच्या कोडमध्ये भरणं आणि स्वाधीन करणं एकाच मॅक्रोत आहे. तो आता या दोन फंक्शनांत फोडतो. डोअरबेलचं, म्हणजे नवं काम आलं हे कार्डाला सांगणारं, रजिस्टर लिहिताना आम्ही राइटएल हे साधं फंक्शन वापरतो, त्याला आधीच्या लिखाणाचा क्रम पाळण्याची हमी आहे. पण दोन ठिकाणी वेगासाठी रिलॅक्स्ड प्रकार घातलेला सापडला, आणि त्याला ती हमी नाही. तिथे टिप्पणी एका शब्दाचीही नाही. आधी त्या दोन जागा तपासतो, मग बाकीचं.

खडकी_बाजार

रजिस्टरांच्या नावांबद्दल माझं मत धागाकर्त्याला कदाचित पटणार नाही. नाव डेटाशीटमध्ये (कार्डाच्या माहितीपत्रकात) आहे तेच ठेवा, कितीही कुरूप असलं तरी. इंटेलच्या ई१००० ड्रायव्हरमध्ये आरसीटीएल, टीसीटीएल अशी नावं आहेत. कुणाला अर्थ लागत नसेल तर इंटेलच्या मॅन्युअलमध्ये तेच अक्षर शोधलं की थेट त्या पानावर पोचता. तुम्ही त्याचं ‘रिसीव्ह_कंट्रोल_सेटिंग्ज’ केलंत की हा धागा तुटला. रात्री दोन वाजता हार्डवेअरच्या माणसाशी फोनवर बोलताना दोघांच्या तोंडी एकच शब्द असायला हवा.

वारजे_नाका

खडकी_बाजार, रजिस्टराच्या नावापुरतं पटलं. पण आमची डेटाशीट म्हणजे हार्डवेअर टीमची स्प्रेडशीट, आणि तिच्यात निम्म्या बिटांना ‘राखीव’ किंवा ‘मोड१’ एवढंच लिहिलं आहे. तिथे काय करायचं?

खडकी_बाजार

तिथे आधी स्प्रेडशीट दुरुस्त करून घ्या. खरंच सांगतो. हार्डवेअरच्या मंडळींबरोबर बसून प्रत्येक बिटाला नाव ठरवा, ते त्यांच्या कागदात जाऊ द्या आणि मग कोडमध्ये आणा. हे काम कंटाळवाणं आहे, पण वाचनीयतेचा अर्धा लाभ इथेच आहे.

आणि बिटांसाठी सीमधले बिटफील्ड वापरायचा मोह टाळा. स्ट्रक्टमध्ये कोलन टाकून लिहिलेले बिट वाचायला गोड दिसतात, पण ते कुठल्या टोकापासून मांडायचे हे कंपायलर आणि एबीआय (मशीनपातळीवरचे मांडणीचे नियम) ठरवतात, आणि बिग एंडियन, म्हणजे मोठा बाइट आधी ठेवणाऱ्या, मशीनवर मांडणी उलटते. जेनमास्कने मुखवटा (कुठले बिट हवेत ते दाखवणारा आकडा) लिहा, किंमत घालायला फील्ड_प्रेप आणि काढायला फील्ड_गेट वापरा. शिफ्ट किती करायचं हे मुखवट्यावरूनच निघतं, त्यामुळे मुखवटा एक आणि शिफ्ट भलताच अशी जोडी होतच नाही. डिस्क्रिप्टरमधल्या शब्दांचे प्रकार __एलई३२ (लिटल एंडियन, ३२ बिट) करा आणि स्पार्स हे तपासणीचं साधन चालवा. कुठे सीपीयू_टू_एलई३२ हे रूपांतर राहिलं असेल तर ते बोट ठेवून दाखवतं.

टॅब_आठ

खडकी_बाजार यांना पूर्ण अनुमोदन. एक भर घालतो: बूलियन पॅरामीटर. रीसेट फंक्शनला ट्रू, फॉल्स, ट्रू असं दिलेलं असेल तर बोलावणाऱ्या ओळीवरून कुणालाही काही कळत नाही. तिथे दोन फंक्शनं करा किंवा झेंड्यांचा एनम (नावं दिलेल्या किंमतींची यादी) करा.

पर्वती_पायथा

कुणीच न काढलेला एक मुद्दा सांगतो, कारण रिफॅक्टरिंग करणाऱ्याचा हात हमखास तिथे जातो.

जुन्या ड्रायव्हरांत अशी ओळ दिसते: रजिस्टर लिहिलं, आणि लगेच कुठलंतरी रजिस्टर वाचलं, वाचलेली किंमत कुठे वापरलेलीच नाही. बघणाऱ्याला वाटतं, हा कचरा राहिला आहे, काढून टाकू. तो कचरा नसतो. पीसीआयवर लिहिणं ‘पोस्टेड’ असतं. प्रोसेसरच्या दृष्टीने ते झालेलं असतं, पण प्रत्यक्षात वाटेतल्या ब्रिजमध्ये अडकून असू शकतं. त्याच कार्डाचं रजिस्टर वाचलं की आधीचं लिखाण पोचल्याशिवाय उत्तर येत नाही. आता रीसेटचा विचार करा. रीसेट बिट लिहिला आणि १० मायक्रोसेकंदांचा यूडिले (थांबा) दिला. मधलं वाचन नसेल तर ते १० मायक्रोसेकंद लिखाण वाटेत असतानाच सुरू होतात, आणि कार्डाला प्रत्यक्षात त्याहून कमी वेळ मिळतो. सगळ्या मशीनांवर चालतं, आणि एखाद्याच मदरबोर्डवर कधीमधी कार्ड उठत नाही. शोधायला याहून वाईट दोष नाही.

ई१००० मध्ये याला ई१०००_राइट_फ्लश असं मॅक्रोचं नाव दिलं आहे, आणि आत फक्त स्टेटस रजिस्टरचं वाचन आहे. वाचनीयतेचा नमुना म्हणून मला तो एका ओळीचा मॅक्रो फार आवडतो. वागणूक काडीचीही बदललेली नाही, पण ती ओळ चुकून काढण्याची हिंमत आता कुणी करणार नाही. वारजे_नाका, तुमच्या ड्रायव्हरात किंमत टाकून दिलेली सगळी वाचनं शोधा आणि प्रत्येकाला असं नाव द्या. त्यातली काही वाचून पुसली जाणारी रजिस्टरं असतील, त्यांना वेगळं नाव. आणि उगाच असलेलं वाचन सापडलं तरी या मालिकेत काढू नका.

वारजे_नाका

पर्वती_पायथा, तुमचा प्रतिसाद वाचून लगेच शोध घेतला. किंमत न वापरलेली बरीच वाचनं निघाली. इंटरप्ट स्टेटसचं वाचन पुसण्यासाठी आहे आणि बंद करण्याच्या वाटेवरचं फ्लशसाठी, इतकं उघड आहे. काहींसाठी हार्डवेअरवाल्यांकडे जावं लागणार. तोवर त्यांना हात नाही.

शिकाऊ_कर्वेनगर

नमस्कार. मी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. धागा वाचून खूप शिकायला मिळतंय. टॅब_आठ दादा, मला कर्नलच्या नेटवर्क ड्रायव्हरांत असेच वाचनीयतेचे पॅच पाठवायचे आहेत. चेकपॅच चालवून इशारे काढत बसलो तर चालेल का? आणि माझ्याकडे फक्त लॅपटॉप आहे, कार्ड नाही.

टॅब_आठ

तुझा उत्साह बघून बरं वाटलं, म्हणून स्पष्ट सांगतो. ड्रायव्हर्स/नेटमध्ये निव्वळ साफसफाईचे पॅच पाठवू नकोस. नेटडेव्हच्या, म्हणजे कर्नलच्या नेटवर्क विभागाच्या, कागदपत्रांतच लिहिलं आहे की दुसऱ्या कामाच्या ओघात न आलेली साधी सफाई ते नाउमेद करतात: चेकपॅचचे इशारे, स्थानिक व्हेरिएबलांचा क्रम, डेव्हएम प्रकारात (घेतलेल्या गोष्टी आपोआप सोडणाऱ्या फंक्शनांत) रूपांतर, हे सगळं त्यात आलं. कारण अशा बदलांनी होणारी उलथापालथ त्यांना मिळणाऱ्या लाभापेक्षा महाग वाटते. जुन्या आवृत्त्यांवर दुरुस्त्या नेणाऱ्यांना त्याचा त्रास होतो, आणि दोष कुठल्या कमिटमध्ये आला ते शोधताना मध्ये नुसते इंडेंट बदललेले कमिट येत राहतात. शुद्धलेखनाच्या दुरुस्त्यांना मात्र ते अडवत नाहीत.

सराव करायचा तर स्टेजिंग फोल्डर (अजून पुरते तयार नसलेल्या ड्रायव्हरांचं) आहे, तिथे सफाईचं स्वागत होतं. पण माझा सल्ला: आधी एक छोटा खरा दोष शोध. तो दुरुस्त करताना जो कोड वाचवत नाही तो सरळ करणारा पॅच आधी, दुरुस्ती नंतर, अशी मालिका असेल तर तीच सफाई आनंदाने घेतली जाते. मालिका लहान ठेव; नेटडेव्हची वरची मर्यादा १५ पॅचची आहे, पण नवख्याने त्याच्या जवळपासही जाऊ नये. मर्ज विंडो (नवे बदल मुख्य कर्नलमध्ये घेण्याचा काळ) चालू असताना, म्हणजे साधारण दोन आठवडे, नेट-नेक्स्ट (नव्या नेटवर्क कामाचं झाड) बंद असतं, तेव्हा पाठवू नकोस. आणि त्यांची एक खास सवय: फंक्शनच्या सुरुवातीला व्हेरिएबलं लांब ओळीकडून छोट्या ओळीकडे उतरत्या क्रमाने लिहितात. नव्या कोडमध्ये तेवढं पाळ.

पर्वती_पायथा

शिकाऊ, कार्ड नसण्याने अडत नाही. क्यूईएमयू या इम्युलेटरमध्ये ई१००० आणि आरटीएल८१३९ दोन्ही आहेत. व्हर्च्युअल मशीनला ते कार्ड लाव, ड्रायव्हरमध्ये बदल कर, मॉड्यूल काढ-घाल कर, कर्नल कोसळलं तर पुन्हा चालू कर. रिंग कशी फिरते हे समजायला ते पुरेसं आहे. फक्त एक ध्यानात ठेव: वर लिहिलेले पोस्टेड राइटचे घोटाळे त्यात दिसणार नाहीत. खऱ्या कार्डाची हौस असेल तर पुण्याच्या तपकीर गल्लीत (इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात) एखादं जुनं रिअलटेक कार्ड मिळतंय का बघ. आणि प्लगच्या, म्हणजे पुणे लिनक्स यूजर्स ग्रुपच्या मंडळींना जरूर विचार.

भोसरी_बोर्ड

डेव्हएमचा विषय निघालाच आहे तर वारजे_नाका, प्रोबच्या, म्हणजे कार्ड सापडल्यावर चालणाऱ्या सुरुवातीच्या, कोडबद्दल सांगते. गोटूच्या, म्हणजे चूक झाल्यावर उडी मारून जायच्या, पाट्यांना एरर१, एरर२ अशी नावं असतील तर ती बदला. पाटीवर ती काय करते ते लिहा: फ्री_रिंग, डिसेबल_डिव्हाइस. मध्ये नवी पायरी घातली तरी क्रमांक पुन्हा मोजावे लागत नाहीत. कर्नलच्या शैलीपुस्तकातही हेच सांगितलं आहे.

पण गोटू नकोत म्हणून अर्ध्या गोष्टी डेव्हएमवर नेऊ नका. डेव्हएमने घेतलेल्या गोष्टी रिमूव्ह (कार्ड काढताना चालणारं) फंक्शन संपल्यानंतर उलट्या क्रमाने सुटतात. समजा इंटरप्ट डेव्हएमने मागितला आणि रिंग मात्र रिमूव्हमध्ये हाताने सोडली. आता रिंग गेली आहे आणि इंटरप्ट हँडलर अजून जिवंत आहे. शेअर केलेल्या लाइनवर दुसऱ्या कुठल्या कार्डाचा इंटरप्ट आला की तुमचा हँडलर सुटलेल्या मेमरीत शिरतो. कोड आठ-दहा ओळींनी कमी झाला, आणि करार मोडला. एकतर सगळा क्रम डेव्हएमवर न्या, नाहीतर आहे तसं उलगडत जाणारं गोटूच ठेवा. मला स्वतःला दुसरं जास्त वाचनीय वाटतं, कारण सोडण्याचा क्रम डोळ्यांसमोर असतो. नेटडेव्हवालेही अशा आपोआप साफसफाईबद्दल साशंकच आहेत.

खडकी_बाजार

वारजे_नाका, सगळं इंडेंट बदलणारा एखादा कमिट करावाच लागला तर त्याचा हॅश एका फाइलमध्ये लिहून ठेवा आणि गिट ब्लेमला, म्हणजे ओळ कुणाच्या कमिटमध्ये आली ते सांगणाऱ्या आज्ञेला, इग्नोर-रेव्ह्स-फाइल म्हणून द्या. २०१९ च्या गिट २.२३ पासून ही सोय आहे. नाहीतर पुढे प्रत्येक ओळीवर रिफॅक्टरिंग करणाऱ्याचंच नाव दिसतं आणि ती ओळ मुळात का आली हे कुणाला विचारायचं ते कळत नाही.

वारजे_नाका

सगळ्यांच्या प्रतिसादांतून आमच्या मालिकेचा क्रमच बदलला. मी पोलपासून सुरू करणार होतो. आता ते शेवटी. सुरुवात टाकून दिलेल्या वाचनांना नावं देण्यापासून, तिथे मशीन कोड जराही हलायला नको. मग हार्डवेअर टीमबरोबर बसून बिटांची नावं आणि फील्ड_प्रेप. त्यानंतर डिस्क्रिप्टर भरणं आणि स्वाधीन करणं वेगळं, आणि ही पायरी एआरएम बोर्डावर तपासल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. मग प्रोबच्या पाट्या. रिलॅक्स्ड लिखाणाच्या दोन जागांमधल्या एकीत खरोखरच बॅरियर हवा होता. ती दुरुस्ती या मालिकेबाहेर, वेगळ्या पॅचने, आधीच पाठवली आहे.

एक प्रश्न राहतो. पोल फोडल्यावर शून्य बजेटची वाट तपासायची कशी? एरवी ती कधी चालतच नाही.

पर्वती_पायथा

नेटकन्सोल त्याच कार्डावर लावा, दुसऱ्या मशीनवर यूडीपी ऐकत ठेवा, आणि एकीकडे आयपर्फने रिंग भरत असताना दुसरीकडे कर्नल लॉगमध्ये संदेशांचा मारा करा. पाठवायची रिंग भरत आली की नेटपोल शून्य बजेटने पोलला बोलावतं. पोलमध्ये त्या फांदीवर तात्पुरता एक मोजणी काउंटर ठेवा आणि ईथटूल -एस (कार्डाची आकडेवारी दाखवणारी आज्ञा) मध्ये दाखवा, म्हणजे वाट खरंच चालली का ते आकड्यातच कळेल. छापून बघायला जाऊ नका. तो संदेशही त्याच कार्डावरून बाहेर पडायला बघेल.